आई-अण्णांना इंग्लंडमधली जुनी घरं, कोठारं, बागा दाखवायच्यात. सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी,

आई-अण्णा पहिल्यांदाच इंग्लंडला येतायत. जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरतील आणि जुलैच्या चौथ्या रविवारी रात्रीच्या विमानानं परत जातील. आम्ही रेडिंगला राहतो, गाडी आहे, लेक चार वर्षांची आहे. लंडनसाठी दोन दिवस ठेवलेत. बाकीचे शनिवार-रविवार आणि माझी आठवडाभराची रजा खेड्यापाड्यांतली जुनी घरं, कोठारं आणि बागा बघण्यात घालवायची आहे.

अण्णा ७१ वर्षांचे. वाईजवळ आमचं गाव, घरची हळद आणि ऊस, शिवाय भिलारला मामांच्या रानात भागीनं स्ट्रॉबेरी. आई ६६ ची, गुडघे दुखतात. एखादा जिना चढेल, तीन मजले नाही. दोघंही माळकरी, त्यामुळे खाण्याचा प्रश्न आहे. अंडंही चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी सासू-सासरे आले होते, तेव्हा ईस्टरच्या सोमवारी त्यांना एका प्रचंड मोठ्या राजवाड्यात नेलं. पन्नास मिनिटं रांग, मग दोरीच्या कडेनं पुढे पुढे सरकायचं. तिसऱ्या दालनात सासूबाई म्हणाल्या, "इथं कुठं टेकायला मिळेल का हो?" आज त्यांना विचारलं तर त्या दिवसातलं फक्त एक झुंबर आठवतं. ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून या वेळी आधी अण्णांनाच फोनवर विचारलं, काय बघायचंय. म्हणाले, "वाडे बघायला मेणवली हाय की आपली. तिकडची माणसं धान्य कुठं ठेवायची ते दाव."

सदस्यत्व कुठलं घ्यावं, कुठली ठिकाणं निवडावीत आणि शेतकरी माणसाला खरंच रस वाटेल असं काय आहे, एवढं सांगा.

पायलीभर

नॅशनल ट्रस्ट आणि इंग्लिश हेरिटेज या दोन वेगळ्या संस्था आहेत आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. ट्रस्ट १८९५ ची. घरं, बागा, समुद्रकिनारे, डोंगर तिच्याकडे. इंग्लिश हेरिटेजकडे किल्ले, पडके मठ, स्टोनहेंज आणि काही घरं. एकाचं कार्ड दुसरीकडे सहसा चालत नाही. याशिवाय खासगी मालकीची घरं असतात, त्यांचं तिकीट तिथल्या तिथे काढायचं.

तुम्ही नवरा-बायको इथेच राहता, तर ट्रस्टचं दोघांचं मिळून सदस्यत्व घ्या. गाडी लावायचे पैसेही बहुतेक ठिकाणी वाचतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. आई-वडिलांची तिकिटं त्या त्या दिवशी काढा. इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठी ९ आणि १६ दिवसांचा पास असतो, पण तो सलग फिरणाऱ्यांसाठी. सात आठवड्यांत विखरून फिरणाऱ्याला परवडायचा नाही.

गुडघ्यांसाठी आधी फोन करा. पुष्कळ घरांत लिफ्ट नाही. मोठ्या बागांत बॅटरीवरच्या खुर्च्या-गाड्या मिळतात, पण त्या आधी सांगून राखून ठेवाव्या लागतात. खाणं घरूनच न्या. आवारात गवतावर बसून डबा खायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, घराच्या आत मात्र काही खायचं नाही. चहाच्या दुकानातल्या केक-स्कोनमध्ये अंडं आहे का ते विचारूनच घ्या.

सुताराची लेक

कृष्णाकाठचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अण्णांनीच देऊन ठेवलंय. धान्य कुठं ठेवायची ते दाव, म्हणाले ना? मग पहिल्या दिवशी घर नको. कोठार दाखवा. ग्रेट कॉक्सवेलचं.

मी चौदा वर्षं ऑक्सफर्डशायरमध्ये राहते. गेली सहा वर्षं दर शनिवारी एका जुन्या घरात स्वयंसेविका म्हणून उभी असते. माहेर सासवडचं, वडील सुतार. हे सांगते कारण पुढचं सगळं मला आप्पांमुळे कळलंय, पुस्तकातून नाही.

आप्पा २०१७ च्या सप्टेंबरात आले होते. आधीच्या आठवड्यात मी त्यांना दोन मोठी घरं दाखवली होती. मखमल, सोनेरी चौकटी, चिनी मातीची भांडी. प्रत्येक खोलीत मी पाटी वाचून मराठीत सांगायचे आणि ते "बरं" म्हणायचे. दोन दिवस नुसतं "बरं". मग कॉक्सवेलला गेलो. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी आप्पा वाकून चपला काढायला लागले. मी म्हटलं, आप्पा, हे देऊळ नाही. म्हणाले, "मला कळतंय. धान्याची जागा आहे ना?"

खळ्यात चपला घालून जात नाहीत हे मी विसरले होते. तुमचे अण्णा विसरलेले नसतील.

तर हे कोठार साधारण १३०० सालचं. बांधलं ते ब्यूलीच्या मठातल्या सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी. मठ तिकडे खाली हॅम्पशायरमध्ये आणि ही त्यांची लांबची शेती, जॉन राजानं दिलेली. अण्णांना देवस्थान इनाम म्हणा, लगेच कळेल. लांबी १५२ फूट, रुंदी ४४, उंची ४८. भिंती दगडाच्या, पण छपराचा भार मुख्यतः आतल्या ओकच्या खांबांच्या दोन रांगांवर. आप्पांनी आधी खण मोजले, नंतर एका खांबापाशी जाऊन उभे राहिले. खांबाखालचा तळखडा त्यांच्या डोक्याच्याही वर होता. आमच्याकडच्या वाड्यांत तळखडा फूट-दीड फूट असतो. मी म्हटलं, ओल लागू नये म्हणून असेल. ते म्हणाले, "ओलीला दोन फूट पुरे. एवढं उंच सलग लाकूड मिळायला पाहिजे ना? दगडानं सात फूट झाड वाचवलं त्यांनी." तोपर्यंत मी त्या कोठारात चार वेळा जाऊन आले होते आणि हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

मग त्यांनी मला वर बघायला लावलं. काही लाकडं कमानीसारखी बाक घेतलेली आहेत. ती वाकवलेली नाहीत, तशी वाढलेली झाडंच शोधून आणलेली आहेत, लाकडातल्या रेषा बाकाबरोबर वळतात ते बघ म्हणाले. सांध्यांत लाकडी खुंट्या. ओक ओला असतानाच कापून जोडायचा, तो वाळताना सांधा आणखी आवळत जातो, ही इथली रीत मी त्यांना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. त्यांनी आयुष्यभर वाळलेलं सागवान हाताळलं. ओलं लाकूड लावणारा सुतार त्यांच्या लेखी कामचुकार. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, "लाकडाचा स्वभाव वेगळा, म्हणून रीत वेगळी. तो सुतार बरोबर होता."

छपरावर दगडी कौलं आहेत. पागोळीकडे मोठी आणि आढ्याकडे लहान लहान होत जाणारी. बाहेर थोडं लांब उभं राहून बघा म्हणजे दिसतं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण फलकांवर आणि गप्पांत घोळ होतो. अशा सगळ्याच जुन्या कोठारांना लोक सरसकट "टाइद बार्न" म्हणतात. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा दशांश, आपल्या सरदेशमुखीसारखा दहावा हिस्सा. कॉक्सवेलचं कोठार दशांशाचं नाही, मठाच्या स्वतःच्या शेतीचं आहे. विल्टशायरमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचं १६८ फुटी, १४ खणांचं कोठार टाइद बार्न म्हणूनच प्रसिद्ध आहे, पण तेही शाफ्ट्सबरीच्या संन्यासिनींच्या मठाच्या शेतीचंच. (तेही बघा. तिथे तिकीट नाही आणि गावही देखणं आहे.)

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. अशा कोठारांना लांब भिंतींत समोरासमोर मोठी दारं असतात. भरलेली गाडी एका दारातून आत यायची आणि रिकामी होऊन दुसऱ्यातून बाहेर पडायची. त्या दोन दारांमधला खण म्हणजे खळं. हिवाळाभर पेंढ्या तिथे झोडपायच्या आणि दोन्ही दारं उघडली की आरपार वाऱ्यात उपणायचं. इथे पाऊस कधीही येतो, म्हणून खळ्यावरच छप्पर घातलं. आपली सुगी कोरडी, म्हणून आपलं खळं उघड्यावर आणि बाईमाणूस वावडीवर, म्हणजे उपणायच्या तिवईवर, उभी राहून वाऱ्याची वाट बघणार. काम तेच. हे तुम्ही अण्णांना समजावू नका, त्यांना तिथे उभं करा आणि विचारा. आपण आई-वडिलांना फिरवतो तेव्हा सगळा वेळ आपणच सांगत सुटतो. या जागी सांगण्यासारखं त्यांच्याकडे जास्त आहे.

हे कोठार १९५६ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. दिलं कुणी, तर अर्नेस्ट कुक यांनी, सहली काढणाऱ्या टॉमस कुक यांचा नातू. तिथे चहाचं दुकान किंवा स्वच्छतागृह आहे असं धरून जाऊ नका. त्याआधी फॅरिंग्डन गावात थांबा.

दुसरं ठिकाण केल्म्स्कॉट मॅनर, कॉक्सवेलपासून आठ-दहा मैल. १८७१ पासून हे कापडांचे नमुने काढणारे विल्यम मॉरिस यांचं उन्हाळ्याचं घर. थेम्स जवळून वाहते, नदी तिथे आपल्या ओढ्याएवढी आहे. ठरावीक वारीच उघडतं, आधी पाहून जा. मॉरिस यांना कॉक्सवेलचं कोठार अतिशय आवडायचं. जुन्या इमारती खरवडून नव्या करण्याऐवजी आहेत तशा जपाव्यात म्हणून १८७७ मध्ये त्यांनी संस्था काढली, ती आजही चालते. भिलारच्या माणसांना एक खास गोष्ट दाखवा. बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या थ्रश पक्षी चोरून खायचे, त्यावरून मॉरिस यांनी १८८३ मध्ये कापडाचा एक नमुना काढला, "स्ट्रॉबेरी थीफ". निळीत रंगवून, मग जिथे नको तिथला रंग उडवून तो छापला जायचा. खूप वेळखाऊ, खूप महाग, आणि तरी त्यांच्या सगळ्यात खपलेल्या कापडांपैकी एक.

घरं बघायचीच असतील तर उलट्या बाजूनं बघा. आधी स्वयंपाकघर, धुण्याची खोली, दूध-लोण्याची खोली, भाजीपाल्याची भिंतबंद बाग. दिवाणखाना शेवटी, गुडघ्यांत जोर उरला तर. खुर्चीवर वाळलेलं काटेरी बोंड किंवा पाइनचं फळ ठेवलेलं दिसलं की समजायचं, ही बसायची नाही. बाकीच्या बहुतेक बसण्यासाठीच असतात आणि नसली तर खोलीतल्या स्वयंसेवकाला सांगा. आम्हाला कुणी खुर्ची मागितली तर राग येत नाही, उलट बरं वाटतं, कारण बसलेला माणूस बोलतो. पडदे ओढलेले असतात ते कापड आणि रंग उन्हानं विटू नयेत म्हणून. डोळे सरावायला दोन मिनिटं द्या.

जाता जाता आणखी एक. हीथ्रो विमानतळाच्या अगदी लगत हार्मंड्सवर्थ गावात इंग्लिश हेरिटेजचं एक लाकडी कोठार आहे. १४२६-२७ सालचं, १२ खणांचं, ५८ मीटर लांब, विंचेस्टर कॉलेजनं बांधलेलं. मूळ लाकूड बहुतेक सगळं टिकून आहे. विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीच्या आराखड्यांमुळे त्या गावाच्या डोक्यावर वर्षानुवर्षं टांगती तलवार आहे. एप्रिल ते ऑक्टोबर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी उघडतं, तिकीट नाही.

कृष्णाकाठचा

ताई, चपलांची गोष्ट बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. पहिला दिवस कॉक्सवेलचाच ठरला. एकच शंका: कोठार आत रिकामं असतं ना? आईला कंटाळा येईल का?

सुताराची लेक

पूर्ण रिकामं. घडीची खुर्ची न्या आणि आईंना दाराजवळ बसवा. शक्यतो आडवारी, सकाळी जा.

दफ्तरखाना

कोठारांबद्दल ताईंनी लिहिलंय त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण घरं सोडून द्या असं मी म्हणणार नाही. ती बघा आणि पैसा कुठून आला हे आई-वडिलांना सांगा. ते सांगितलं नाही तर पाहणं अर्धंच राहतं असं मला मनापासून वाटतं.

रेडिंगहून अगदी जवळ पँगबर्नपाशी बॅसिल्डन पार्क आहे. मधाच्या रंगाच्या बाथच्या दगडाचं सुरेख घर. फ्रान्सिस साइक्स हा मुर्शिदाबादच्या नवाबाच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे वकील, होता. तिथे माया जमवून तो परतला आणि १७७१ मध्ये ही जमीन घेतली. घर १७७६ मध्ये सुरू झालं, वास्तुकार जॉन कार. बंगालचा भयंकर दुष्काळ १७७० चा, जमीन त्याच्या पुढच्याच वर्षी विकत घेतलेली. दोन्ही सालं शेजारी शेजारी ठेवून ते घर बघा. नॅशनल ट्रस्टनं स्वतः २०२० मध्ये एक अहवाल काढून वसाहती आणि गुलामगिरीशी नातं असलेल्या आपल्या ९३ जागा नोंदवल्या. त्यावर इथे बराच गदारोळ झाला, पण काम चोख होतं.

दुसरं सेझिंकोट, मोर्टन-इन-मार्शजवळ. खासगी आहे, मोजक्या दिवशीच उघडतं. कॉट्सवोल्डच्या कुरणांत अचानक तांब्याचा हिरवा घुमट आणि मोगली छज्जे दिसतात. चार्ल्स कॉकरेल यांनी कंपनीच्या पैशावर १८०५ च्या सुमारास आपल्या वास्तुकार भावाकडून, सॅम्युएल पेपिस कॉकरेल यांच्याकडून, ते बांधून घेतलं. बागेतल्या हिंदी वास्तू चित्रकार टॉमस डॅनियल यांच्या सल्ल्यानं झाल्या. सूर्याचं छोटं मंदिर आहे, पुलावर नंदी बसलेत. त्या पुलाखाली जा. तिथले खांब घारापुरीच्या लेण्यांतल्या खांबांवरून घेतलेत. मी डोंबिवलीचा. शाळेच्या सहलीत लाँचनं जाऊन पाहिलेले ते जाडजूड खांब ग्लॉस्टरशायरमधल्या ओहोळावर पुन्हा भेटतील असं वाटलं नव्हतं.

मेणवलीचा, म्हणजे नाना फडणविसांच्या वाड्याचा, उल्लेख झाला म्हणून सांगतो. याच डॅनियल यांनी पुण्याच्या दरबाराचं एक मोठं तैलचित्र काढलंय. सवाई माधवरावांच्या दरबारात १७९० साली रेसिडेंट चार्ल्स मॅलेटबरोबर झालेल्या तहाचं. काढलं १८०५ मध्ये, इंग्लंडमध्ये बसून, जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून. वेल्स पेशव्यांच्या दरबारी चित्रं काढत होते आणि १७९५ मध्ये साष्टीत वारले. ते तैलचित्र आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. म्हणजे नाना फडणविसांच्या काळचा पेशवे दरबार रंगवणारा आणि सेझिंकोटचे नंदी बसवणारा माणूस एकच.

रानजाई

जूनमध्ये येतायत तर मॉटिसफाँट चुकवू नका. हॅम्पशायरमध्ये, रॉम्झीजवळ. जुन्या मठाच्या जागेवरचं घर आणि भिंतबंद आवारात ग्रॅहम स्टुअर्ट टॉमस यांनी लावलेले जुन्या जातींचे गुलाब. यातले बरेचसे वर्षातून एकदाच फुलतात आणि ते जूनमध्येच. वास भिंतींत कोंडून राहतो. पण त्याच दिवसांत गर्दीही होते, म्हणून दार उघडायच्या वेळेला पोचा.

भिंतबंद बाग ही फक्त शोभेची नाही हे आईंना दाखवा. विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री सोडते. तिला टेकवून, फांद्या हातासारख्या पसरून बांधलेली पीच-नासपतीची झाडं त्या उबेवर फळतात.

आणि पिवळ्या पाट्यांवर लक्ष ठेवा. १९२७ पासून इथे लोकांच्या खासगी बागा वर्षातला एखादा-दुसरा दिवस सगळ्यांसाठी उघडतात. पहिल्या वर्षी ६०९ बागा उघडल्या, माणशी एक शिलिंग, जमले ८,१९१ पौंड, गावोगावी घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी. आजही पैसे अशाच कामांना जातात. मालक स्वतः उभे असतात, चहा असतो, रोपं विकायला असतात. मोठ्या बागेत आई फुलं बघतील. इथे त्या बागवाल्याशी बोलतील. भाषेची काळजी करू नका.

कृष्णाकाठचा

मंडळी, धागा वर काढतोय. जाऊन आलो ते सांगायलाच हवं.

कॉक्सवेलला मंगळवारी सकाळी साडेनऊला पोचलो. आमच्याशिवाय कुणी नव्हतं. अण्णांनी चपला काढल्या नाहीत, पण उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. मग पावलांनी लांबी मोजत शेवटच्या भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. आम्ही फूट सांगितले तर म्हणाले, खण सांग. प्रत्येक खांबावर बोटांच्या पेरांनी ठोकून बघत होते, भुंगा लागून पोकळ झालाय का ते. लेक त्यांच्यामागे तेच करत होती. वर तुळयांत पाकोळ्यांची ये-जा चालली होती. मी ताईंचं ऐकून काहीही सांगितलं नाही.

आई दाराशी खुर्चीवर बसली होती. पाच-दहा मिनिटांनी तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "वारं हितनं येतंय. मी असते तर हितं उभी ऱ्हायले असते, पाठ तिकडं करून." अण्णा लांबून म्हणाले, "न्हाय, भुसा सगळा गाडीवाटंवर जाईल." यावर दोघांचं दहा मिनिटं चाललं. माझ्या आईला उपणताना मी लहानपणी पाहिलंय, आमच्याकडे मळणीयंत्र यायच्या आधी. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी कधी बोललेली नव्हती. परतीच्या वाटेवर गाडीत तिनं तिच्या माहेरच्या खळ्याचं सगळं सांगितलं. तिवडा, म्हणजे खळ्याच्या मधला खांब, कुठे रोवायचे, पहिल्या राशीला नैवेद्य काय, वारा पडला की बायका काय करायच्या. बायकोनं मागच्या सीटवर बसून ते फोनवर ध्वनिमुद्रित केलंय. ५२ मिनिटं.

केल्म्स्कॉटला शनिवारी गेलो. आईला वरच्या मजल्याचा जिना जमला. स्ट्रॉबेरीचं कापड बघून ती म्हणाली, "आपला बुलबुल न्हवं, पर चोर त्योच." भिलारला आम्ही चमकणाऱ्या फिती बांधतो, ते तिथल्या स्वयंसेविका बाईंना मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बॅसिल्डनला दफ्तरखाना यांनी लिहिलेलं सगळं अण्णांना घराबाहेर गवतावर बसून आधी सांगितलं. साइक्स, मुर्शिदाबाद, १७७०, १७७१. आत गेल्यावर ते फार थोडं बोलले. अष्टकोनी दिवाणखान्याच्या खिडकीतून खाली थेम्सचं खोरं दिसतं, तिथे उभं राहून म्हणाले, "जागा लई भारी निवडली." मग थोड्या वेळानं, "त्या नवाबाच्या मुलखात पन कोठारं आसतील ना? ती भरली व्हती का दुष्काळात?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. कुणी यावर वाचलं असेल तर मला सांगा, त्यांना खरंच हवंय.

सेझिंकोट तारखा न जुळल्यानं राहिलं. मॉटिसफाँटला गुलाब शेवटच्या टप्प्यात होते, तरी वास होता.

रानजाई, पिवळी पाटी आम्हाला रेडिंगपासून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात मिळाली. साधं विटांचं घर, मागे लांबट बाग. हेझलच्या काठ्यांवर लाल फुलांचा घेवडा चढवला होता आणि शेंड्यांना काळा मावा. आईनं पान उलटं करून मालकीणबाईंना दाखवलं, मग चुलीतली राख भुरभुरायची खूण केली. त्या बाईंनी तिला हाताला धरून आत शेडमध्ये नेलं आणि शेकोटीच्या राखेची बादली दाखवली, म्हणजे त्याही तेच करत होत्या. नंतर दोघी बाकावर बसल्या. आम्ही चहा घेऊन आलो तरी त्यांचं चाललंच होतं, एक मराठीत, एक इंग्रजीत. चहाबरोबरच्या केकमध्ये अंडं होतं, म्हणून बाईंनी आईला वाटीभर रासबेरी तोडून दिल्या.

आता येत्या रविवारी विमान आहे, रात्री नऊचं. चौथा रविवार. हार्मंड्सवर्थ उघडं असल्याचं काल संकेतस्थळावर बघून घेतलंय. दुपारी दोनला निघू, बॅगा गाडीतच राहतील. अण्णांनी माझ्याकडून मोजपट्टी मागून घेतलीय आणि हातातल्या पिशवीत वर ठेवलीय.